लहान महाविद्यालयाने डिव्हिजन वनमध्ये जावे का?

मध्यरेषा (प्रश्न)

नमस्कार. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका लहान खासगी महाविद्यालयात मी बारा वर्षांपासून संख्याशास्त्र शिकवते. आमच्याकडे पदवीचे विद्यार्थी दोन हजारांहून थोडे अधिक आहेत आणि आमचे संघ एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या तीन विभागांपैकी मधल्या, म्हणजे डिव्हिजन टूमध्ये खेळतात. गेल्या सत्रात डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या विभागातील एका कॉन्फरन्सकडून, म्हणजे आपापसांत नियमित खेळणाऱ्या संस्थांच्या गटाकडून, आमच्या अध्यक्षांकडे विचारणा झाली आणि तेव्हापासून विश्वस्त मंडळात वरच्या विभागात जाण्याची चर्चा गांभीर्याने सुरू आहे. या प्रस्तावावर प्राध्यापकांच्या ज्या समितीने लेखी मत द्यायचे आहे, त्या समितीत मी आहे.

विश्वस्तांचे म्हणणे थोडक्यात असे, की पदवीच्या वयाच्या मुलांची संख्या या दशकाच्या उत्तरार्धापासून घटत जाणार आहे, आमच्या राज्याबाहेर आमचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही, आणि बास्केटबॉलचा संघ मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत एकदा जरी टीव्हीवर दिसला तरी जे काम जाहिरातींनी दहा वर्षांत होणार नाही ते एका संध्याकाळी होईल. दुसरा आधार उदाहरणांचा आहे. मेरिमॅक २०१९ मध्ये वर गेले, बेलरमाइन २०२० मध्ये, क्वीन्स, स्टोनहिल, लिंडनवूड आणि सदर्न इंडियाना २०२२ मध्ये, ल मॉइन २०२३ मध्ये, मर्सीहर्स्ट २०२४ मध्ये आणि न्यू हेवन २०२५ मध्ये. आपल्यासारख्याच इतक्या संस्था गेल्या, तेव्हा मागे राहणे धोक्याचे आहे, असा या यादीचा अर्थ आम्हाला सांगितला जातो. मला मात्र या यादीतून एवढेच कळते की पुष्कळ जणांना एकाच वेळी एकच भीती वाटते आहे.

मी खेळांच्या विरोधात नाही. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्यांपैकी निम्मे कोणत्या ना कोणत्या संघात असतात आणि पहाटेचा सराव करून आलेली मुले गृहपाठ वेळेवर देतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. म्हणूनच हा निर्णय त्यांच्या हिताचा आहे का, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. ज्यांनी असे स्थित्यंतर आतून पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे, की कागदावर न दिसणाऱ्या कोणत्या गोष्टी आम्ही तपासायला हव्यात?

ताळेबंद (उत्तर)

आपल्या महाविद्यालयासारख्याच एका संस्थेच्या क्रीडाविभागात मी नऊ वर्षे हिशेबाचे काम केले. त्यांपैकी पहिली तीन वर्षे डिव्हिजन टूमधली होती आणि उरलेली डिव्हिजन वनमधली. त्यामुळे जे लिहितो आहे ते बहुतेक त्या खातेवह्यांतून शिकलेले आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी, जी विश्वस्तांच्या सादरीकरणात बहुधा नसते. मोठ्या सरकारी विद्यापीठात खेळाडू हा खर्चाचा विषय असतो, कारण तिथे तीस-चाळीस हजार विद्यार्थ्यांत सहाशे खेळाडू असले काय किंवा नसले काय, पटसंख्येला फरक पडत नाही. लहान महाविद्यालयात परिस्थिती नेमकी उलटी असते, कारण तिथे खेळाडू हा बऱ्याच अंशी शुल्क भरणारा विद्यार्थी असतो आणि संघात जागा मिळते म्हणूनच तो त्या महाविद्यालयात आलेला असतो. डिव्हिजन टूमधला (अमेरिकन) फुटबॉलचा संघ घ्या. तिथे संपूर्ण संघाला मिळून जास्तीत जास्त ३६ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम देता येते आणि ती तुकड्यातुकड्यांनी वाटली जाते. संघात १०८ मुले असतील, तर सरासरी प्रत्येकाला एक तृतीयांश शिष्यवृत्ती मिळते आणि उरलेले दोन तृतीयांश शुल्क तो कुटुंबाकडून, कर्जातून किंवा सरकारी मदतीतून आणतो. संस्था देत असलेली शैक्षणिक सवलत त्यातून वजा केली तरी तो संघ प्रशिक्षक, प्रवास आणि मैदान यांचा खर्च सोसून वर काहीतरी उरवतो. डिव्हिजन थ्रीमध्ये तर खेळासाठी शिष्यवृत्तीच देता येत नाही, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, अनेक लहान महाविद्यालये पटसंख्या टिकवण्यासाठी नवे संघ सुरू करत असतात.

आता हाच संघ डिव्हिजन वनमधल्या फुटबॉलच्या दुय्यम, म्हणजे एफसीएस गटात न्या. तिथे शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा ६३ आहे आणि प्रतिस्पर्धी ती पूर्ण वापरत असतील तर आपल्यालाही त्या दिशेने जावेच लागते. ज्या शंभरेक मुलांच्या शुल्कातून महाविद्यालयाला निव्वळ उत्पन्न मिळत होते, त्याच शंभर मुलांवर आता निव्वळ खर्च होऊ लागतो, जरी वसतिगृहातल्या खाटा तितक्याच भरलेल्या दिसत असल्या तरी. आमच्या संस्थेत हे पहिल्या वर्षी कोणाच्याच लक्षात आले नाही, कारण शिष्यवृत्ती ही खर्चाच्या रकान्यात न दाखवता शुल्कातील सवलत म्हणून वेगळ्या कागदावर दाखवली जात होती. क्रीडाविभागाचा अहवाल चांगला दिसत होता आणि महाविद्यालयाची एकूण निव्वळ शुल्करक्कम घसरत होती. हे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवून पाहायला आम्हाला चौथे वर्ष उजाडावे लागले. हे सांगताना आजही मला वाईट वाटते, कारण ते कागद माझ्याच टेबलावरून जात होते.

खर्चाच्या इतर बाबी मी भराभर सांगतो. डिव्हिजन टूमध्ये किमान दहा खेळ लागतात, डिव्हिजन वनमध्ये किमान चौदा. नियमपालनासाठी स्वतंत्र अधिकारी, खेळाडूंसाठी अभ्यास-सल्लागार आणि वाढीव वैद्यकीय कर्मचारी लागतात. शेजारच्या राज्यात बसने जाणारे संघ विमानाने जाऊ लागतात. केवळ विभाग बदलण्याच्या अर्जाचे शुल्कच दहा लाख डॉलरहून पुष्कळ जास्त आहे. आणि हो, २०११ पासून डिव्हिजन वनच्या एखाद्या कॉन्फरन्सचे अधिकृत निमंत्रण असल्याशिवाय अर्जच करता येत नाही, त्यामुळे आपल्याकडे आलेली विचारणा लेखी आहे की तोंडी, हे आधी पाहावे.

उत्पन्नाकडे थोडे सविस्तर पाहू, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथे आहेत. लहान संस्थांना तिकिटांतून फार पैसे मिळत नाहीत. मोठ्या विद्यापीठाच्या मैदानावर जाऊन हरण्याच्या मोबदल्यात मिळणारी हमीची रक्कम हे खरे उत्पन्न असते आणि ती मिळवण्यासाठी बास्केटबॉलचा संघ नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घराबाहेर भटकत राहतो. पुरुषांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेतून मिळणाऱ्या पैशाविषयी तर मोठीच स्वप्ने असतात. त्या स्पर्धेत खेळलेल्या एका सामन्याचे एक युनिट धरले जाते आणि त्याचे सहा वर्षांत मिळून सुमारे २० लाख डॉलर होतात. ते कॉन्फरन्सकडे जातात. दहा सदस्यांत समान वाटणी झाली, तर एका युनिटमागे एका संस्थेला वर्षाला तेहतीस हजार डॉलर मिळतात. लहान कॉन्फरन्सचा विजेता बहुधा पहिल्याच सामन्यात हरतो, म्हणजे वर्षाला एकच युनिट. सहा वर्षे हे असेच चालू राहून साखळी पूर्ण झाली तरी प्रत्येकाच्या हाती वर्षाला दोन लाखांच्या आसपास रक्कम येते. दोन प्रशिक्षकांच्या पगारात ती संपते.

त्यात खेळाडूंच्या मोबदल्यावरून एनसीएएविरुद्ध चाललेल्या हाऊस खटल्याची भर पडली. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनुसार माजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर द्यायचे आहेत आणि त्याचा मोठा भाग एनसीएए डिव्हिजन वनच्या सदस्यांना जे वाटप करते त्यातून कापला जातो. ज्या लहान संस्थांनी खेळाडूंना कधी एक डॉलरही दिला नाही त्यांच्याही वाट्याला ही कपात येते. याच तडजोडीने २०२५-२६ साठी एका संस्थेला खेळाडूंशी वाटून घेता येणाऱ्या उत्पन्नाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरवली. आपल्याला ती रक्कम द्यावी लागणार नाही हे खरे, पण ज्यांच्याशी एकाच विभागात आपले नाव लागेल त्यांतले काही ती देत आहेत.

जुना विद्यार्थी (उत्तर)

ताळेबंद यांचे आकडे बरोबर आहेत आणि तरीही मला वेगळे मत मांडायचे आहे. वरच्या विभागात गेलेल्या एका महाविद्यालयाचा मी पदवीधर आहे आणि त्या स्थित्यंतरासाठी माझ्या कुवतीनुसार देणगीही दिली आहे. ती वाया गेली असे मला वाटत नाही.

पहिला मुद्दा असा की विभागाचा प्रश्न हा अनेकदा शेजाराचा प्रश्न असतो. मिनेसोटातील युनिव्हर्सिटी ऑफ सेंट थॉमसला २०१९ मध्ये तिच्या स्वतःच्या कॉन्फरन्सने बाहेर काढले, कारण इतर सदस्यांच्या तुलनेत ती संस्था फार मोठी झाली होती. २०१७ मध्ये तिने त्याच कॉन्फरन्समधल्या सेंट ओलाफला फुटबॉलमध्ये ९७-० असे हरवले होते, यावरून अंतराची कल्पना यावी. मग ती २०२१ मध्ये डिव्हिजन थ्रीतून थेट डिव्हिजन वनमध्ये गेली. तिने फुटबॉल पायोनियर लीगमध्ये ठेवला, जिथे फुटबॉलसाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही. म्हणजे ताळेबंद यांनी फुटबॉलच्या ज्या गणिताची भीती घातली आहे, ते टाळूनही वर जाता येते. डेव्हिडसन, डेटन आणि ड्रेक याच मार्गाने खेळतात. डिव्हिजन वनमधल्या संस्थेला फुटबॉल खालच्या विभागात ठेवता येणार नाही, हा नियम १९९३ पासून लागू झाला आणि ही लीग त्यातूनच उभी राहिली.

दुसरा मुद्दा ओळखीचा आहे. फ्लोरिडा गल्फ कोस्ट या विद्यापीठात पहिले वर्ग १९९७ मध्ये भरले. २०१३ मध्ये त्यांचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेत पंधरावे मानांकन असूनही (सोळावे सर्वांत खालचे असते) जॉर्जटाउन आणि सॅन डिएगो स्टेट यांना हरवून शेवटच्या सोळा संघांत पोहोचला. त्या मानांकनाचा कोणताही संघ त्याआधी तिथवर पोहोचला नव्हता. सोळा वर्षांच्या संस्थेचे नाव देशभर झाले, आणि हे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने झाले असते असे मला कोणी पटवून देऊ शकलेले नाही. आमच्या महाविद्यालयात वर गेल्यापासून माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरू लागले आहेत. पूर्वी दहा माणसे जमत, आता सामन्याच्या निमित्ताने शे-दीडशे जमतात आणि त्यांच्यापैकी काही जण नंतर ग्रंथालयासाठीही पैसे देतात. हे हिशेबाच्या वहीत क्रीडाविभागाच्या नावावर लिहिले जात नाही.

तिसरी गोष्ट, आणि ती मला मनापासून म्हणायची आहे. मध्यरेषा यांनी ‘भीती’ हा शब्द वापरला. आमच्याकडे भीती होतीच, पण महत्त्वाकांक्षाही होती, आणि लहान संस्थेला महत्त्वाकांक्षा असू नये असे कोणी म्हणू नये. डेव्हिडसनमध्ये दोन हजारांच्या आसपासच विद्यार्थी आहेत. २००८ मध्ये, पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गाजलेला स्टीफन करी तिथे शिकत असताना, तो संघ राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत गेला आणि अभ्यासाच्या बाबतीत ती संस्था तेव्हाही उत्तम होती, आजही आहे.

ताळेबंद (उत्तर)

जुना विद्यार्थी यांच्या भावनेचा मला आदर आहे, म्हणून दोनच गोष्टी जोडतो. सेंट थॉमस ही मिनेसोटातील सर्वांत मोठी खासगी संस्था आहे. तिला नव्या क्रीडासंकुलासाठी एकाच दांपत्याकडून साडेसात कोटी डॉलर मिळाले. तिचे उदाहरण दोन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला लावताना ही दोन वाक्ये त्याच परिच्छेदात असायला हवीत. डेव्हिडसन तर पिढ्यान्‌पिढ्या डिव्हिजन वनमध्येच आहे, ते वर गेलेले नाही. तिथे टिकून असणे आणि आज नव्याने तिथे जाणे यांचा खर्च एक नव्हे.

यशामुळे अर्ज वाढतात हे मी नाकारत नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुटबॉलमध्ये पहिल्या वीसांत किंवा बास्केटबॉलमध्ये शेवटच्या सोळांत आलेल्या संस्थांचे अर्ज २ ते ८ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले होते. पण ही वाढ विभाग बदलण्याने होत नाही, त्या विभागात जिंकण्याने होते. आणि शेवटच्या सोळा संघांत जाणे हे डिव्हिजन वनच्या साडेतीनशेहून अधिक संस्थांपैकी अनेकांच्या नशिबी कधीच येत नाही.

मेरिमॅकची हकीकत यासाठीच सांगण्यासारखी आहे. २०२३ मध्ये त्यांनी नॉर्थईस्ट कॉन्फरन्सच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात फेअरली डिकिन्सनला एका गुणाने हरवले, पण स्थित्यंतराची वर्षे पूर्ण झाली नसल्याने राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना जाता आले नाही. हरलेला संघ गेला आणि त्या संघाने पहिल्या मानांकनाच्या पर्ड्यूला हरवले. सोळाव्या मानांकनाच्या संघाने असे करण्याची पुरुषांच्या स्पर्धेतील ती केवळ दुसरी वेळ होती. त्याच्या आदल्या वर्षी बेलरमाइनच्याही बाबतीत हेच झाले होते. कॉन्फरन्स स्पर्धा जिंकून ती मुले घरीच बसली. आता डिव्हिजन टूमधून येणाऱ्यांसाठी हा काळ चार वर्षांवरून तीनवर आणला आहे, तरीही ज्या मुलांना आज तुम्ही प्रवेश द्याल त्यांची बहुतेक कारकीर्द त्यातच जाईल.

आणि जिंकल्यानंतर काय होते तेही पाहावे. पर्ड्यूला हरवल्यावर काही दिवसांतच फेअरली डिकिन्सनचे प्रशिक्षक टोबिन अँडरसन आयोना या दुसऱ्या विद्यापीठाकडे गेले. २०२२ मध्ये सेंट पीटर्सला शेवटच्या आठांत नेणारे शाहीन हॉलोवे त्याच महिन्यात सीटन हॉलला गेले. खेळाडूंचेही तेच. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे संस्था बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झाले आणि आता एका संस्थेतून दुसरीकडे गेल्यावर वर्षभर बसून राहण्याची अट उरलेली नाही, त्यामुळे लहान संस्थेत घडलेला चांगला खेळाडू वसंत ऋतूत मोठ्या संस्थेकडे जातो. याबद्दल मी त्या मुलांना किंवा प्रशिक्षकांना दोष देत नाही. त्यांनी जावेच. प्रश्न एवढाच आहे की जे घडवण्यासाठी महाविद्यालय स्वतःचे पैसे घालते आहे, ते दोन हंगाम तरी त्याच्याकडे राहणार आहे का.

मध्यरेषा

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. जुना विद्यार्थी यांना सांगते, की ‘भीती’ हा शब्द मी माघार न घेता पण थोडा सौम्य करून वापरायला हवा होता. आमच्या काही विश्वस्तांमध्येही ती महत्त्वाकांक्षा प्रामाणिक आहे.

एक माहिती जोडते. आमच्याकडे देणगीदार आहेत, पण त्यांनी बास्केटबॉलच्या नव्या सभागृहासाठी पैसे देऊ केले आहेत, वार्षिक खर्चासाठी नाही. वार्षिक तुटीसाठी विद्यार्थ्यांवर नवे क्रीडाशुल्क लावण्याचा उल्लेख प्रस्तावात एका ओळीत आहे.

जलतरणपटूची आई (उत्तर)

त्या एका ओळीवर कृपया थांबा.

माझी मुलगी पोहते. ती ज्या महाविद्यालयात गेली तिथे तिला शिष्यवृत्ती म्हणून शुल्काचा लहानसा भाग मिळत होता, उरलेले आम्ही भरत होतो आणि आनंदाने भरत होतो, कारण तिथले प्रशिक्षक तिला तिच्या वेळेपेक्षा एका सेकंदाने पुढे नेण्यासाठी जितके झटत, तितकेच तिच्या रसायनशास्त्राच्या परीक्षेसाठीही वेळ सोडत. ती दुसऱ्या वर्षात असताना महाविद्यालयाने वरच्या विभागात जाण्याचे जाहीर केले. तेव्हा आम्ही सभागृहात बसून टाळ्या वाजवल्या. दीड वर्षाने त्याच सभागृहात सांगण्यात आले की काही खेळ बंद होत आहेत आणि त्यांत पोहणे आहे.

संस्थेचे नाव मी घेत नाही, कारण असे एकाच ठिकाणी झालेले नाही. लिंडनवूडने २०२२ मध्ये डिव्हिजन वनमध्ये प्रवेश केला आणि २०२३ च्या अखेरीस अनेक खेळ एकदम बंद करण्याचे जाहीर केले. त्याची कारणे त्यांच्या परीने असतील. पण वर जाताना पैसे एकदोन खेळांत एकवटावे लागतात आणि मग ज्या खेळांना प्रेक्षक नाहीत त्यांच्याकडे पाहिले जाते, ही दिशा सगळीकडे सारखी आहे. तिथेच ताळेबंद यांनी सांगितलेली गोष्ट मला उशिरा कळली. आमच्या मुलीच्या संघातल्या तीस मुली शुल्क भरत होत्या. तो संघ बंद झाल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणी दुसरीकडे गेल्या, आणि त्यांच्याबरोबर ते शुल्कही गेले. वाचवलेला खर्च लिहिला गेला, गेलेले शुल्क कुठे लिहिले गेले ते मला माहीत नाही.

समितीने शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्याकडेही पाहावे. पुरुषांच्या खेळांवरील शिष्यवृत्त्या वाढल्या तर महिला खेळाडूंना मिळणारी आर्थिक मदतही त्यांच्या सहभागाच्या प्रमाणात वाढवावी लागते, ती कायद्याने आलेली जबाबदारी आहे. प्रस्तावात फक्त पुरुषांच्या बास्केटबॉलचा खर्च दाखवला असेल, तर तो अर्धाच खर्च आहे. शिवाय हाऊस तडजोड स्वीकारणाऱ्या संस्थांना प्रत्येक खेळात किती खेळाडू ठेवता येतील याची मर्यादा आली आहे. शिष्यवृत्ती न घेता, केवळ आवडीने संघात असणाऱ्या मुलांच्या जागा त्यामुळे आधी जातात. लहान महाविद्यालयात अशीच मुले सर्वांत जास्त असतात.

माझ्या मुलीने तिथेच पदवी पूर्ण केली. शेवटचे वर्षभर ती पहाटे एकटीच तलावावर जात असे, तो सार्वजनिक वेळेसाठी उघडण्याच्या आत. मला अजून वाटते की त्या तीस मुलींना विचारून कोणी काही ठरवले असते, तर निर्णय तोच झाला असता तरी तो वेगळ्या रीतीने झाला असता.

परतीची वाट (उत्तर)

मी इतिहास शिकवतो आणि आमच्या संस्थेने वरून खाली येण्याचा निर्णय घेतलेला मी पाहिला आहे. त्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण वर जाण्याच्या चर्चेत खाली येण्याचा खर्च कोणी धरत नाही.

हार्टफर्डचा पुरुषांचा बास्केटबॉल संघ २०२१ मध्ये प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेत खेळला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच तिथल्या विश्वस्तांनी डिव्हिजन थ्रीमध्ये जाण्याचे ठरवले. पेनसिल्व्हेनियातील सेंट फ्रान्सिसने मार्च २०२५ मध्ये स्पर्धेतला आपला सामना खेळून झाल्यावर आठवड्याभरात तेच जाहीर केले. म्हणजे विश्वस्त ज्या संध्याकाळीची वाट पाहत आहेत ती या दोघांना मिळाली होती आणि तरीही त्यांनी हिशेब करून माघार घेतली. सेंटेनरी २०११ मध्ये खाली आले, सव्हाना स्टेट २०१९ मध्ये. प्रत्येक ठिकाणी खेळाडू आणि माजी विद्यार्थी दुखावले गेले. आमच्याकडे अजूनही काही जण पत्राला उत्तर देत नाहीत.

बर्मिंगहॅम-सदर्नची आठवण मला सारखी येते. ते डिव्हिजन वनमध्ये गेले, २००६ मध्ये विश्वस्तांनी परत फिरण्याचे ठरवले, डिव्हिजन थ्रीमध्ये फुटबॉल पुन्हा सुरू केला, आणि अखेर ३१ मे २०२४ रोजी ते महाविद्यालयच बंद झाले. त्याच दिवशी त्यांचा बेसबॉल संघ डिव्हिजन थ्रीच्या अंतिम स्पर्धेत खेळत होता. मी असे म्हणणार नाही की विभागामुळे ते बंद पडले. इमारतींची कर्जे आणि घटलेली गंगाजळी ही कारणे त्याहून मोठी होती. पण ज्या संस्थेची गंगाजळी लहान आहे तिला चूक दुरुस्त करण्याची संधी एकदाच मिळते, तीही मिळालीच तर.

एक मधला मार्गही सुचवतो. डिव्हिजन टूमध्ये पुरुषांच्या आइस हॉकीची राष्ट्रीय स्पर्धाच होत नाही, म्हणून त्या विभागातल्या संस्था तो एक खेळ डिव्हिजन वनमध्ये खेळू शकतात. मिनेसोटा-डुलुथ इतर खेळांत डिव्हिजन टूमध्ये आहे आणि तिने हॉकीत २०११, २०१८ आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आहे. टीव्हीवर दिसणे हाच हेतू असेल आणि आपल्या भागात त्या खेळाची परंपरा असेल, तर सगळे घर न हलवता ते साधते. बर्फाच्या मैदानाचा खर्च मात्र लहान नाही.

मध्यरेषा

आमच्याकडे हॉकीचा क्लब आहे, पण मैदान शहराचे आहे. तरीही हा पर्याय कोणीच मांडला नव्हता, मी तो समितीपुढे ठेवते.

जलतरणपटूच्या आईंना काय लिहावे ते सुचत नाही. आमच्या पोहण्याच्या संघात सव्वीस मुले-मुली आहेत आणि त्यांतल्या चौघी या सत्रात माझ्या वर्गात आहेत.

ताळेबंद, एक शेवटचे विचारते. विश्वस्तांकडून एकच कागद मागायची मुभा असेल तर कोणता मागू?

ताळेबंद (उत्तर)

विश्वस्तांकडून मागू नका, प्रवेशविभागाकडून मागा. सध्या संघांत असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची, नाव वगळून, एक ओळ घ्या. त्यात त्याचा खेळ, खेळासाठी मिळणारी शिष्यवृत्ती, संस्थेची इतर सवलत आणि प्रत्यक्ष भरले जाणारे शुल्क एवढेच असावे. मग प्रस्तावात पाचव्या वर्षी जे संघ आणि ज्या शिष्यवृत्त्या दाखवल्या आहेत त्या त्याच ओळींवर लावून पाहा. ज्या मुलांना त्या संघात जागा उरत नाही त्यांच्या ओळी वेगळ्या काढा आणि त्यांच्या शुल्काची बेरीज करा. आपण संख्याशास्त्र शिकवता, तेव्हा त्यांतले किती जण संघाशिवायही आले असते याचा अंदाज आपण माझ्यापेक्षा चांगला बांधाल. तो अंदाज उदार हाताने बांधा, म्हणजे कोणी आक्षेप घेणार नाही.

ही बेरीज तुटीच्या रकान्यात घालून प्रस्ताव पुन्हा मांडायला सांगा. देणगीदाराच्या सभागृहाची देखभाल, वीज आणि घसारा हेही त्याच कागदावर यावे, कारण देणगी बांधकामासाठी मिळते आणि पुढची चाळीस वर्षे ते चालवायचे तुम्हालाच असते. एवढे करूनही आकडे जुळत असतील, तर जुना विद्यार्थी यांच्या बाजूने मत द्यायला मला संकोच वाटणार नाही. आमच्याकडे हा कागद कोणी मागितला नव्हता, आणि मीही तो आपणहून कोणापुढे ठेवला नाही.

मध्यरेषा

प्रवेशविभागाला आजच पत्र लिहिले आहे. समितीची बैठक तीन आठवड्यांनी आहे. पोहण्याच्या आणि धावण्याच्या संघांतल्या दोन-दोन विद्यार्थ्यांना त्या बैठकीला बोलवावे, असेही त्या पत्रात सुचवले आहे.